मोजणीच्या दिवशीचं जुळं

देशाचं भवितव्य दिल्लीत ठरत नाही आणि शेतातही ठरत नाही, ते घराघरातल्या बाजेवर ठरतं, असं गुलाबराव शेटजींनी नांदुऱ्याच्या जाहीर सभेत ठणकावून सांगितलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या रांगेत शेटजींची स्वतःची आठ मुलं होती. नववं घरी झोपलं होतं, नाहीतर त्यानंही वाजवल्या असत्या.

गुलाबरावांचं नांदुऱ्याला सरकी काढायचं मोठं जिन होतं आणि त्या जिनाच्या पुण्याईवर त्यांनी एक विद्यार्थी निधी काढला होता. खेड्यातल्या हुशार पोरांची कॉलेजची फी, वसतिगृहातली खाट आणि दोन वेळचं जेवण हा निधी देत असे. सुरुवातीला नियम असा होता की, ज्या घरात खाणारी तोंडं जास्त, त्या घराला मदत जास्त. नियम सोपा होता आणि लोकांनी तो मनापासून पाळला. वर्षभरात आसपासची कुटुंबं अशी काही वाढली की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. मामेभाऊ सख्खे झाले, शेजाऱ्यांची पोरं तपासणीच्या दिवशी उसनी मिळेनाशी झाली. सोनाळ्याच्या पुंजाजी माळ्यानं तर आपली म्हातारी आई मेल्यावर वर्षभर जिवंत ठेवली. ती खरोखर जिवंत होती तेव्हा तिची एवढी चौकशी कोणी केली नव्हती.

मग भिंतींवर लाल त्रिकोण उगवले. जीपगाड्या भोंगे लावून गावोगाव फिरायला लागल्या, मुलं दोन किंवा तीन, पुरे. एका मोठ्या साहेबानं जिनाला भेट दिली, चहा घेतला, आणि शेटजींना राष्ट्राची काळजी लागली. निधीचा नियम एका रात्रीत उलटा झाला. आता आईबापाला तीनपर्यंत अपत्यं असतील तरच मदत. चौथं झालं की येत्या जूनपासून बंद. पुंजाजीच्या आईला आता घरात काही काम उरलं नाही, म्हणून ती त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा वारली.

पुंजाजीला मात्र नव्या नियमाची भीती नव्हती. त्याला अपत्यं तीनच. थोरला शेषराव, जो चौथीनंतर शाळा सोडून वाडीत वांगी-सांभाराच्या वाफ्यांत राबत होता. मधली गीता, अमडापूरला दिलेली. आणि धाकटा इंद्रभान, जो खामगावात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. सोनाळ्याच्या त्या गल्लीतून मॅट्रिकच्या पलीकडे गेलेला तो पहिलाच. आणि तो गेला तो मायमुळे. मनकर्णाबाई बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची तेव्हा हे पोरगं गिऱ्हाइकाच्या आधी हिशोब सांगायचं. लोक म्हणाले, बाई, ह्याले तराजूमागं बसव, तुया धंदा वाढंल. मनकर्णाबाईनं त्याला दुसऱ्या दिवसापासून बाजारात आणणंच बंद केलं आणि शाळेत मास्तरांच्या पुढ्यात नेऊन बसवलं. तेव्हापासून तिनं एकच गोष्ट धरली होती, हा पाटी उचलणार नाही. निधी बंद झाला तर तो दुसऱ्या दिवशी पाटी उचलायला घरी येणार, ह्याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. इंद्रभानला तर नव्हतीच.

अशात शेषरावाची बायको कला पोटुशी राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण कलाची आई ती लहान असतानाच गेलेली, म्हणून ते सासरी करायचं ठरलं. मनकर्णाबाईनं डिंक आणला, ओवा निवडून ठेवला, बाजेखाली ठेवायची शेगडी लिंपली. सुनेची एवढी तयारी करता करता तिच्या लक्षात आलं की ही तयारी एकटीला पुरणार नाही.

आता सून पोटुशी असताना सासूचं पोट पुढं येणं ही गोष्ट आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट. चोराला निदान लोक समोर हसत नाहीत. मनकर्णाबाईनं पदर खाली ओढला, बाजार सोडला, विहिरीवर जाणं सोडलं आणि कोणी विचारलंच तर वायगोळा आहे म्हणून सांगायला लागली. पुंजाजीनं खाट उचलली आणि वाडीतल्या झोपडीत नेऊन टाकली. वांग्यांना राखणीची इतकी गरज त्या वर्षीच का पडली, हे त्याला कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

कला आधी बाळंत झाली, मुलगी. आठवड्यानं पहाटे मनकर्णाबाई मागच्या खोलीत बाळंत झाली, मुलगा. तिनं तोंडात पदराचा बोळा धरला होता, त्यामुळे आवाज काही बाहेर गेला नाही. ही गोष्ट फक्त गोजरबाई सुईणीला ठाऊक होती, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गावाला.

आणि तिसऱ्या दिवशी नांदुऱ्याहून निरोप आला की निधीचे तपासनीस वामनराव गुरुजी येत्या गुरुवारी घर पाहायला येत आहेत.

शेषरावानं निरोप ऐकला आणि तो ओसरीवरच खाली बसला. पुंजाजी वाडीकडे निघाला होता, त्याला गोजरबाईनं दारातून परत फिरवलं. मग मनकर्णाबाईच बाजेवरून उठली. कानाला बांधलेलं फडकं तिनं सोडलं, घडी केली आणि उशाखाली ठेवलं.

"त्याले कलेच्या कुशीत टाका," ती म्हणाली. "जुळं झालं म्हना."

"माय, तो माया भाऊ हाय," शेषराव म्हणाला.

"एक दिवस लेक होऊ दे त्याले तुया. काय बिघडते?"

गोजरबाईनं गावात फिरून जुळ्याची बातमी दिली. ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनीही ती नव्यानं ऐकल्यासारखी ऐकली आणि कौतुक केलं. अशा बाबतीत गाव फार समजूतदार असतं.

सगळ्यांचा खरा भरवसा मात्र सोयरावर होता. बाळंतिणीचं घर म्हणजे सोयर. त्या घरात बाहेरचा माणूस पाणी घेत नाही, पायरी चढत नाही, अंगणातूनच काय ते विचारतो आणि पुढच्या घरी जातो. सोनाळ्यात आजवर ह्याला अपवाद झालेला नव्हता. गुरुजी अंगणात उभे राहतील, छत्री टेकवतील, किती पोरं म्हणून विचारतील, तीन ऐकतील आणि जातील. ते आत येतील ही शक्यता पुंजाजीच्या मनात आली नाही, शेषरावाच्या आली नाही आणि गोजरबाईच्या तर येणंच शक्य नव्हतं. मोटारींचं वेळापत्रक जसं लोक गृहीत धरतात, तसं त्यांनी सोयर गृहीत धरलं.

गुरुवारी दुपारी वामनराव गुरुजी आले. काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, काखेत छत्री. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण बोलताना अजून समोर वर्ग असल्यासारखे बोलत. शेषरावानं अंगणातच दोन्ही हात आडवे केले आणि घरात सोयर असल्याचं फार दुःखानं सांगितलं.

"मी असलं काही मानीत नाही," गुरुजी म्हणाले आणि पायरी चढले. "चहा टाका. परतीची मोटार संध्याकाळी आहे."

घराचा अर्धा जीव तिथंच गेला.

गुरुजी ओसरीवर सतरंजीवर बसले. पुंजाजी खांबाला टेकून बसला आणि आढ्याकडे पाहू लागला. चहा करायला घरात बाई एकच मोकळी होती, आणि ती मनकर्णाबाई. पाच दिवसांची ओली बाळंतीण चुलीशी उकिडवी बसली, फुंकर घालताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा तिनं भिंतीला हात लावला. लुगडं धुतलेलं होतं, पण अंगाला ओव्याच्या धुरीचा वास होता. तो सुनेच्या खोलीतला म्हणून खपून गेला. कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा बशीत थोडा चहा सांडला. शेषरावानं पुढं होऊन कप घेतला. मायनं कधी चहा सांडलेला त्यानं पाहिला नव्हता.

गुरुजींनी चहा बशीत ओतता ओतता आपली पद्धत समजावून सांगितली. ते कागद पाहत नसत. कागद ह्या भागात फार लवकर तयार होतात, असं त्यांचं मत होतं. मागच्या महिन्यात एका गावी तीन अपत्यांचा दाखला शिक्क्यासह मिळाला आणि चौथं लेकरू धान्याच्या कणगीत सापडलं. सापडलं म्हणजे तेच शिंकलं. तेव्हापासून ते माणसं पाहत.

"जुळं झालंय म्हणतात ना? बघू तरी," ते म्हणाले.

गोजरबाईनं पडद्याआडून दोन हातांवर दोन लेकरं आणली. गुरुजींनी चष्मा पुसून दोघांना नीट पाहिलं. मुलगी चिमणीएवढी होती. मुलगा मनकर्णाबाईच्या माहेरच्या हाडापेराचा, तिच्या दीडपट. थोरलं कोणतं, असं गुरुजींनी विचारलं. गोजरबाईनं मुलीकडे बोट दाखवलं. मग धाकटं एवढं थोराड कसं, असं गुरुजींनी विचारलं.

"पोटात पयले हाच जेवे, गुरुजी," गोजरबाई म्हणाली. "हे पोरगी त्याच्या उष्ट्यावर वाढली."

गुरुजी हसले नाहीत. ते विचारात पडले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात मुलगा रडायला लागला. गोजरबाईनं दोघांना आत नेलं. ओसरीवर सगळे कान देऊन बसले. पडद्याआड कला त्याला घ्यायचा प्रयत्न करत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या, गोजरबाई काहीतरी पुटपुटत होती. मुलगा तोंड लावायचा, सोडायचा आणि आणखी मोठ्यानं रडायचा. मनकर्णाबाई चुलीशी परत गेली होती. तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, पुन्हा आत सारलं, पुन्हा ओढलं. मग पदर छातीवरून घेऊन घट्ट खोचला, आणि थोड्या वेळानं सोडून आणखी घट्ट खोचला.

लेकरू घेत का नाही, असं गुरुजींनी विचारलं. पडद्यामागून गोजरबाईनं उत्तर दिलं, सवय नाही त्याला अजून.

"एकाच पोटची दोन," गुरुजी म्हणाले. "एकीला सवय आहे आणि दुसऱ्याला नाही?"

पुंजाजीनं आढं सोडलं आणि जमिनीकडे पाहायला लागला. गुरुजींनी कप खाली ठेवला, कोटाच्या खिशातून पेन काढलं, पण उघडलं नाही.

"बाईंना बोलवा," ते म्हणाले.

मनकर्णाबाई दारात येऊन उभी राहिली. गुरुजींनी अगदी शांतपणे सांगितलं की त्यांची एक शेवटची रीत आहे. प्रत्येक घरी ते आईला तिच्या लहानग्याच्या डोक्यावर हात ठेवायला सांगतात आणि मग किती लेकरं म्हणून विचारतात. आजवर एकाही बाईनं तो हात ठेवून चुकीचा आकडा सांगितलेला नाही. बाप सांगतात. बापांचं ते मनावर घेत नाहीत.

शेषरावानं घाईघाईनं सांगितलं की धाकटा इंद्रभान खामगावात आहे, परीक्षा जवळ आली आहे, त्याच्या डोक्यावर हात कसा ठेवणार.

"नातवंड चालतं," गुरुजी म्हणाले. "रक्त एकच. तो रडतोय त्यालाच आणा. आजीच्या हातानं गप्प तरी होईल."

गोजरबाई जागची हलली नाही. गुरुजींनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिनं लेकरू आणलं, मनकर्णाबाईच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवलं आणि पडद्यापर्यंत मागं सरकली. तिनं ह्या गावात कितीतरी लेकरं जगात आणली होती, पण त्यातलं एकही इतक्या सावकाश ठेवलं नव्हतं.

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं की ते त्या लेकराला भोवतं, हे सोनाळ्यात कोणी कोणाला शिकवत नाही. ते सगळ्यांना येतं. कोर्टात भगवद्गीतेवर हात ठेवून बेलाशक खोटं बोलणारा माणूस घरी पोराच्या डोक्यावरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतो. शेषरावाला ते येत होतं, पुंजाजीला येत होतं, पडद्याआडच्या एकोणीस वर्षांच्या कलाला येत होतं. आणि ह्या लेकराच्या डोक्यावर अजून टाळूही भरलेली नव्हती, तिथलं कातडं श्वासाबरोबर वरखाली होत होतं.

मनकर्णाबाई खाली बसली. बसताना तिनं कंबरेला हात लावला, तो शेषरावानं पाहिला आणि मान फिरवली.

"किती लेकरं तुम्हाला?" गुरुजींनी विचारलं.

तिनं हात उचलला. तीन म्हटलं की इंद्रभान खामगावात राहणार, परीक्षा देणार, पाटी उचलणार नाही. त्यासाठी तिनं लोकांचं ऐकलं नव्हतं, नवऱ्याचं ऐकलं नव्हतं, थोरल्याला वाडीत घातलं होतं आणि त्याबद्दल थोरला कधी बोलला नव्हता. एक शब्द होता. तिच्या तोंडात तो तयारही होता, ओठ हलले ते शेषरावानं पाहिले. हात खाली यायला लागला.

लेकरू रडता रडता एकदम थांबलं. त्यानं मान वळवली. जवळ आलेल्या त्या हाताच्या मनगटाला त्यानं वास घेतल्यासारखं नाक लावलं आणि उघडं तोंड घेऊन मनगटावरच शोधायला लागलं. मनकर्णाबाईच्या खोचलेल्या पदरावर एक ओला डाग उमटला आणि बघता बघता तळहाताएवढा झाला. ओसरीवर तो सगळ्यांना दिसला. पुंजाजीला दिसला, गोजरबाईला दिसला. गुरुजींनी चष्मा काढला.

तिनं हात डोक्यावर ठेवला नाही. तो लेकराच्या मानेखाली घातला, दुसरा पाठीखाली, आणि त्याला उचलून मांडीवर घेतलं.

"मले चार हायेत, गुरुजी," ती म्हणाली. "हे चवथं."

पडद्यामागं कला हुंदका देऊन गप्प झाली. लेकरानं मात्र, हाताशी आलेली गोष्ट तोंडात मिळेना म्हणून, पुन्हा सूर लावला होता.

गुरुजींनी पेन उघडलं. वाकून एक ओळ लिहिली आणि वर न पाहता सांगितलं की नियम त्यांनी केलेला नाही, पण तो आहे. परीक्षेपर्यंत मुलाची खाट आणि जेवण चालू राहील. जूनपासून निधीचा त्याच्याशी संबंध नाही. मुलाला तसं कळवावं.

"मी कळवतो," शेषराव म्हणाला. "त्याले म्हनीन, भाऊ झाला. आन् जूनपासून तिसऱ्या वर्षाचं मी पाहतो. कॉलेज सोडून घरी आला तं तंगड्या तोडीन त्याच्या."

पुंजाजी खांबाचा टेका सोडून ताठ बसला. आता बोलायची वेळ आली हे त्याला समजलं, पण नेमकं काय बोलावं हे समजेना. "खाट मी घरी आनतो आजच," तो शेवटी म्हणाला. ह्याचा कॉलेजशी काय संबंध हे गुरुजींना कळलं नाही. मनकर्णाबाईला कळलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण लेकराच्या अंगावरचं फडकं सारखं करता करता ती किंचित हसली असं गोजरबाई पुढं सांगत असे.

गुरुजींनी पेन खिशात ठेवलं. वास्तविक काम संपलं होतं. पण मोटार संध्याकाळी होती आणि चाळीस वर्षांची मास्तरकी अशी पेनाबरोबर खिशात जात नाही. ते उभे राहिले, कोट खाली ओढला आणि बोलायला लागले. एका सार्वजनिक संस्थेला फसवायला निघणं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं. पोटच्या गोळ्याला दुसऱ्याच्या नावावर घालायला निघालेल्या आईला काय म्हणावं, हे विचारलं, आणि शेवटच्या क्षणी सत्याकडे वळलेल्या आईला काय म्हणावं, हेही विचारलं. दोन्हींची उत्तरं त्यांच्याकडे होती. त्यांचा आवाज चढत गेला, बोट वर गेलं. शेषरावानं हात जोडले, पुंजाजीनंही जोडले. अंगणाच्या कुंपणाशी गाव जमलं होतं, तेही ऐकत होतं. मातृत्व ह्या विषयाला गुरुजींनी नुकता हात घातला होता आणि त्यात त्यांना बरंच काही सांगायचं आहे, हे त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

लेकरानं आता हातपाय आखडून घेतले होते, तोंड लालभडक झालं होतं. मनकर्णाबाई मांडी घालून भिंतीला पाठ लावून बसली. गुरुजी कुठं थांबतात का, म्हणून तिनं वाट पाहिली. ते थांबेनात, तेव्हा तिनं पदराची गाठ सोडायला हात घातला आणि मान वर केली.

"गुरुजी," ती म्हणाली, "बोला तुमी, आमी ऐकून राह्यलो. फक्त जरासं तिकडे तोंड करून बोला. लेकराले पाजा लागते."